नाव पुसलेली फाइल

मुलांनो, आधी एक कपाट डोळ्यांसमोर आणा. तुमच्याच घरातलं, लोखंडी, दार उघडताना करकरणारं. वरच्या कप्प्यात चादरी, खाली आईच्या साड्या, त्याखाली तुमचे कपडे. सगळ्यात खालचे दोन कप्पे रिकामे. तुम्ही तिथं एक टॉवेल ठेवायला जाता आणि हात मध्येच अडतो. डोळ्यांना कप्पा रिकामा दिसतोय, पण तिथं काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी बघता, तर ते न दिसणारं काहीतरी आणखी पुढे सरकलेलं. आता त्यानं साड्यांच्या कप्प्यापर्यंत जागा खाल्लीय.

आता असं समजा, की हे कपाट म्हणजे एका कॉम्प्युटरची डिस्क आहे. तो कॉम्प्युटर एका तलावाच्या बांधावर बसून रात्रंदिवस बांधाचे आवाज ऐकतो. आणि बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठाला, तुमचं घर आहे.

घाबराल की नाही? किमया घाबरली होती.

हिवरदऱ्याचा तलाव तसा लहानच. दोन डोंगरांच्या मधला ओढा मातीच्या लांब बांधानं अडवलेला. दसऱ्याच्या सुमाराला तो काठोकाठ भरायचा आणि त्याच पाण्यावर पुढे गावाचा गहू, हरभरा, कांदा निघायचा. बांधाच्या एका टोकाला, उंच कातळावर, पाणीवापर संस्थेची खोली होती. किमयाचे वडील भानुदास तिथं राखणदार होते. गेट उघडायचं, बंद करायचं आणि ‘काना’वर लक्ष ठेवायचं, हे त्यांचं काम.

‘कान’ हे गावानंच ठेवलेलं नाव. बांधाच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारखी बारीक काचेची तार पुरलेली होती. खोलीतला कॉम्प्युटर त्या तारेत प्रकाशाचे झटके सोडत असे. काच कितीही स्वच्छ असली तरी तिच्यात जागोजागी अगदी सूक्ष्म डाग असतात आणि प्रत्येक डागावरून चिमूटभर प्रकाश माघारी येतो. आजूबाजूची माती जराही हलली की तार ताणली जाते आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. तो किती वेळानं परतला यावरून बांध कुठं हलला ते कळतं आणि कसा बदलला यावरून कशानं हलला ते. अख्खा बांधच जणू एक लांबलचक कान झाला होता.

पण ऐकलेलं सगळंच साठवायचं म्हटलं तर कुठलीही डिस्क पुरायची नाही. म्हणून त्याच्या प्रोग्रॅमला निवड करायला शिकवलं होतं. म्हशी बांधावरून गेल्या, कुणी पंप चालू केला, घुशीनं बीळ उकरलं, असे ओळखीचे आवाज त्यानं विसरून जायचे. बांधाला भेग पडली, कडा ढासळली, असा ओळखीचा धोका आला की भोंगा वाजवायचा. आणि जो आवाज त्याला ओळखताच येत नाही, तो गुपचूप एका फाइलीत साठवत राहायचं. दर महिन्याला शहरातले तज्ज्ञ ती फाइल मागवून घेत, ऐकत आणि आतल्या आवाजांना नावं देत. या महिन्यात गणपती झाले, नवरात्र आलं, आणि ती मागवायची राहून गेली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहेच. शेतकरी विळा-कोयता धुतो, सुतार पटाशी-करवत मांडतो. हळदकुंकू लागलं की त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. वर्षभर राबलं, एक दिवस त्यानं विसावा घ्यावा. भानुदासांकडे फावडं होतं, पहार होती, गेटचं मोठं लोखंडी चाक होतं आणि हा कान होता. म्हणून ते दर नवमीला कानही बंद करत, त्याला झेंडूची माळ घालत आणि दसऱ्याला सकाळी पुन्हा चालू करत. असं करावं का, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी त्यांना सांगितलंही नव्हतं.

आदल्या दिवशी ते म्हणाले होते, “किमे, कान पुसून घे. आतनंबी साफ कर जरा. तुला कळतंय त्यातलं.”

किमया आठवीत होती आणि तिला खरंच कळत होतं. तिनं पडदा पुसला, धूळ फुंकून काढली आणि मग आत शिरली. पडद्याच्या वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी आली होती: डिस्कवर जागा कमी आहे. आत सगळ्या फाइलींना नीट नावं होती. पाण्याची पातळी, गेटची नोंद, सभेचे फोटो. एकच फाइल भलीमोठी होती आणि तिच्या नावाच्या जागी नुसते आकडे होते. नाव धड नाही, म्हणजे कचराच असणार, असं तिला वाटलं. तिनं ती पुसून टाकली.

फाइल यादीतून गेली. पिवळी पट्टी मात्र गेली नाही.

नवमीला सकाळी ती आईनं दिलेली भाकरी घेऊन वर आली, तेव्हा पट्टी लाल झाली होती. किमयानं कचरापेटी रिकामी केली. जुने फोटो काढले. तात्पुरत्या फाइली शोधून शोधून पुसल्या. प्रत्येक वेळी थोडी जागा मोकळी व्हायची आणि ती बघत असतानाच मोकळ्या जागेचा आकडा पुन्हा खाली यायला लागायचा. तिनं सगळ्या फाइलींची बेरीज केली. ती डिस्कच्या निम्मीसुद्धा भरेना. तरी डिस्क म्हणत होती, मी भरत आलेय.

समोर पडद्यावर काहीच हलत नव्हतं, फक्त तो आकडा कमी होत होता.

“बाबा, कान बिघडलाय,” ती दारातून ओरडली.

भानुदास बाहेर नारळाच्या काथ्यानं गेटचं चाक घासत होते. “बंद करून चालू केलं की येतंय ताळ्यावर. नाहीतरी आत्ता पूजेला बंदच करायचाय. उद्या झोप काढून ताजा उठंल.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. कान बंद करून चालू केला असता तर सगळी जागा खरोखरच परत आली असती.

पण त्या आकड्याकडे पाठ करून बसणं किमयाला जमेना. कॉम्प्युटरच्या पेटीवर मदतीचा नंबर चिकटवलेला होता. तिनं खोलीतल्या फोनवरून तो लावला.

“बोला, फरहाना मुलाणी बोलतेय.”

“मॅडम, हिवरदऱ्यावरून बोलतेय. आमच्या कानाची डिस्क भरत चाललीय आणि आत काहीच नाही.”

“कोण बोलतंय?”

“किमया. राखणदारांची मुलगी.”

“मोठं कुणी आहे का गं तिथं?”

“बाबा हत्यारं धुतायत.”

पलीकडून हसू ऐकू आलं. “धुणारच. म्हणून तर आज अख्ख्या ऑफिसात मी एकटी आहे. सांग, काय काय करून पाहिलंस?”

किमयानं सगळं सांगितलं. कचरापेटी, फोटो, तात्पुरत्या फाइली.

“अजून काही पुसलंस?”

“नाही,” किमया जरा जास्तच घाईनं म्हणाली.

“किमया, मी रागवायला बसलेली नाही. पोटात काय गेलंय ते डॉक्टरला सांगायलाच लागतं.”

“काल एक फाइल पुसली. आकड्यांची. मला कचरा वाटली.”

पलीकडे कीबोर्डची खटखट झाली.

“तुमच्या शाळेत वाचनालय आहे?” मॅडमनी विचारलं.

“आहे.”

“समज, बाईंनी रजिस्टरमधून एका पुस्तकाचं नाव खोडलं. पण त्याच वेळी एक मुलगा कोपऱ्यात तेच पुस्तक उघडून बसलाय. ते त्याच्या हातातून कुणी काढून घेतलेलं नाही. रजिस्टरमध्ये नाव नाही, कपाटात पुस्तक नाही, पण पुस्तक आहे. फाइल पुसणं म्हणजे तेवढंच असतं गं, यादीतून नाव खोडणं. जो प्रोग्रॅम ती उघडून बसलाय, त्याच्या हातात ती तशीच राहते. आणि आपला मुलगा नुसता वाचत नाही. तो त्यात लिहीत सुटलाय, पानांमागून पानं.”

“मग ती जाते कधी?”

“मुलगा उठला की. प्रोग्रॅम थांबला किंवा मशीन बंद झालं, की ते पुस्तक कायमचं जातं. मग ते मलाही काढता येणार नाही.”

बाहेर ताटात समई ठेवल्याचा आवाज आला. किमयानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मॅडम, पण तो एवढ्या भराभर काय लिहितोय?”

“तेच तर. ती अनोळखी आवाजांची फाइल आहे. महिन्यात असे पाच-दहा आवाज येतात. त्यांनी ही डिस्क भरायला तू म्हातारी झाली असतीस.” मॅडमचा आवाज आता अगदी सपाट झाला होता. “मी इथून तुमच्या मशीनला जोडायचा प्रयत्न करतेय. होत नाहीये. जागाच नाही त्याला उठायला. किमया, काहीही झालं तरी मशीन बंद होऊ देऊ नकोस.”

तेवढ्यात भानुदास ताट घेऊन आत आले. त्यांच्या मागून सुलभाकाकी. त्या पाणीवापर संस्थेच्या चेअरमन. हातात नारळ, खांद्यावर नवा पदर, आणि पाच एकर कांद्याचं रोप टाकून आलेल्या.

“भानुदास, पोर चिकटली की काय मशीनला?” काकी म्हणाल्या. “ऊठ गं बाय. आज त्याला सुट्टी.”

भानुदासांचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. किमया आडवी आली आणि दोन्ही हातांनी तिनं बटण झाकलं.

“बाबा, नको.”

“आगं, काय करतीस?”

“काल मी एक फाइल पुसली. चुकून पुसली. पण ती गेलेली नाही. कान बंद केला तर जाईल. बांधात काहीतरी वाजतंय आणि ते तिच्यातच आहे.”

भानुदासांनी आयुष्यात लेकीवर हात उचलला नव्हता, पण त्यांचा चेहरा बघून किमयानं डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, आता बाबा म्हणतील, तुला सांगून चूक केली.

“भाऊ, फोन स्पीकरवर टाका,” टेबलावरून मॅडमचा आवाज आला. “मी मुलाणी. मुलगी बरोबर सांगतेय. मला थोडा वेळ द्या, मग पाहिजे तेवढी पूजा करा.”

“आन् मुहूर्त?” काकी म्हणाल्या.

“नारळ फुटेपर्यंत तरी थांबा.”

“नारळ मीच आणलाय, तवा मी फोडंल तवाच फुटणार,” काकी म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. “चालू दे तुमचं.”

मॅडम एकेक अक्षर सांगत गेल्या, किमया टाइप करत गेली. आधी चालू प्रोग्रॅमची यादी आली. त्यात कानाचा प्रोग्रॅम. मग त्या प्रोग्रॅमच्या हातात काय काय आहे त्याची यादी. सगळ्यात खाली ती होती. आकडे तेच, कालचे, आणि त्यांच्यापुढे मशीननं स्वतःच लिहिलेला शब्द: पुसलेली. तरीही तिचा आकार किमया बघत असतानाच वाढत होता.

“तिचं शेवटचं टोक तेवढं कापून घ्यायचंय,” मॅडम म्हणाल्या. “त्याला जागा लागेल. पुसण्यासारखं अजून काय आहे?”

“कानाच्या उद्घाटनाचे, काकींचे व्हिडिओ आहेत.”

“माझे?” काकी ताठ झाल्या. “मंत्र्याच्या हस्ते झालं हुतं ते.” मग त्यांनी लाल पट्टीकडे पाहिलं. “पूस. मंत्रीबी पडला आता.”

किमयानं ते पुसलं, टोक कापलं आणि आवाज सुरू केला.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग फार खोलवरून, चुलीशी बसून फुंकणीतून कुणी सावकाश फुंकत असावं, तसा आवाज आला. फुंकणारं माणूस श्वास घ्यायला थांबतच नव्हतं. आणि त्या फुंकण्याच्या आत दुसरं काहीतरी होतं, चाळणीतून रवा पडावा तशी बारीक, एकसारखी सरसर.

समईची वात स्थिर होती. किमयाला वाटलं, आपण एखाद्या झोपलेल्या मोठ्या जनावराच्या नाकाशी कान नेलाय.

किमयानं आवाजाच्या नोंदीतलं अंतर वाचून दाखवलं. “म्हणजे हा आवाज बांधाच्या मधोमध येतोय,” मॅडम म्हणाल्या. “तिथं काय आहे भाऊ?”

“काय नाय. माती,” भानुदास म्हणाले. मग थांबले. “आधी बाभळी हुत्या. साऱ्या बांधावरच हुत्या. झाडं बांधाला वाईट म्हणून वरनं हुकूम आला, तवा तोडल्या. लई वर्सं झाली.”

“आणि मुळं?”

“मुळं कशी काढणार? बांध उकरावा लागला असता.”

मॅडमना आता उलगडा झाला. “मुळं आतल्या आत कुजली. लाकूड गेलं आणि त्याच्या जागी नळ्या राहिल्या, बांधाच्या पोटात आरपार. मशीनला आम्ही मातीतून झिरपणारं पाणी शिकवलं, भेगेतलं पाणी शिकवलं. पोकळ मुळातून जाणारं पाणी आम्हीच कधी ऐकलं नव्हतं. म्हणून त्यानं भोंगा वाजवला नाही. भाऊ, बांधाच्या पायथ्याशी जा, जिथं पाणी पाझरतंय तिथलं पाणी एका ग्लासात धरा आणि मला सांगा, स्वच्छ आहे की गढूळ.”

“पाझर तर दरसालच असतो,” काकी म्हणाल्या.

“स्वच्छ पाझर असला तर बांध ठीक आहे. गढूळ असला तर पाणी बांधाची माती घेऊन बाहेर पडतंय.”

भानुदास आणि काकी ग्लास घेऊन गेले. किमया दारात उभी राहून बघत होती. ती दोघं बांधाच्या उतारावरून खाली खाली जात लहान होत गेली. त्यांच्याही पलीकडे खालची वाडी होती. मधोमध निळ्या पत्र्याचं घर. त्या घरात आई होती आणि चालायला नुकताच शिकलेला धाकटा भाऊ रुद्र. अंगणात काहीतरी पिवळं वाळत घातलेलं दिसत होतं. किमयाला एकाएकी वाटलं, की तलाव आपल्या पाठीमागे उभा आहे, वाकून आपल्या खांद्यावरून त्या घराकडे बघतोय.

ती दोघं परत आली तेव्हा काकींना दम लागला होता. भानुदासांनी ग्लास टेबलावर ठेवला. पाणी दूध घातलेल्या चहासारखं दिसत होतं. बघता बघता तळाशी मातीचा थर बसला.

“गढूळ आहे,” किमयानं फोनवर सांगितलं.

“गेट उघडा,” मॅडम म्हणाल्या. “पूर्ण उघडा. आणि खालच्या लोकांना वर काढा.”

“गेट उघडलं तर रब्बी गेली,” काकी म्हणाल्या. “माझी एकटीची नाय, साऱ्या गावाची. आन् उद्या बांध हाय तसाच उभा राह्यला तर लोक मला जगू देतील का? तुम्ही लेखी द्या.”

“मला तो अधिकार नाही. ज्यांना आहे ते फोन उचलत नाहीयेत. सकाळपासून लावतेय.”

भानुदास भिंतीला टेकले. ही नोकरी त्यांना किती खटपटीनं मिळाली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वरून हुकूम आल्याशिवाय त्यांनी कधी गेटला बोट लावलं नव्हतं. ते किमयाकडे बघत म्हणाले, “किमे, तुला काय वाटतंय? खरं सांग. काल चुकलीस म्हणून काय बी जादा सांगू नको.”

किमयानं पडद्याकडे बोट दाखवलं.

“बाबा, हा जागेचा आकडा. सकाळी तो एकानं कमी होईपर्यंत माझी अख्खी भाकरी खाऊन झाली होती. आता मी दहापर्यंत मोजते तेवढ्यात होतोय. आवाज जेवढा मोठा, तेवढी फाइल फुगते. आणि जागा संपली की कानाला ऐकूच यायचं थांबेल. मग आपल्याला काहीच कळणार नाही.”

आकडा आणखी एकदा खाली आला. तिघांनीही तो उतरताना पाहिला.

भानुदासांनी भोंग्याची काच फोडली आणि आतली कळ ओढली. तो आवाज दरीतून असा घुमला की समोरच्या डोंगरावरचा कावळ्यांचा थवा उडाला. मग ते बाहेर धावले. गेटच्या चाकाला नुकतंच हळदकुंकू लावलेलं होतं, आणि एकट्यानं ते फिरत नव्हतं. त्यांनी दोनदा हिसका दिला. काकी क्षणभर उभ्या राहिल्या, मग पदर कमरेला खोचून त्या समोरून भिडल्या.

“फिरव,” त्या म्हणाल्या. “तुझ्याबरुबर मलाबी शिव्या खाऊ दे.”

किमयानं टेबलावरच्या बाबांच्या फोनवरून आईला फोन लावला.

“आगं, भोंगा कशानं वाजतोय? तुझा बा पूजा करतोय का वरात काढतोय?”

“आई, रुद्रला उचल आणि वर मारुतीच्या माळावर जा. आत्ता.”

“भात टाकलाय गॅसवर.”

“गॅस बंद कर. शेजारच्या आजींना घे. जाताना सगळ्यांची दारं वाजव. आई, बांधातून माती वाहतेय.”

फोनवर रुद्रचं कुरकुरणं आलं. मग आईचा आवाज, एकदम बदललेला. “आन् तू? तू कुठं हायस?”

“मी कातळावर आहे. खोलीत. इथं काही होत नाही.”

“खरं?”

“खरं,” किमया म्हणाली. तिला ते माहीत नव्हतं, पण आईचे पाय उचलले जायला तेवढं पुरेसं होतं.

गेटमधून पाण्याचा लोट सुटला आणि कातळ थरथरायला लागला. वर्षभराचं पाणी फेसाळत ओढ्यातून चाललं होतं. खाली वाडीतून माणसं माळाच्या वाटेला लागली होती, कुणी शेळी ओढत, कुणी गादी डोक्यावर घेत. किमया त्यांच्यात एक बाई आणि तिच्या कडेवर एक मूल शोधत होती. सगळ्याच बायांच्या कडेवर मुलं होती.

ती पुन्हा पडद्यासमोर बसली. दुपारभर तिचं एकच काम होतं. कानाला जागा पुरवत राहायची. सभेचे फोटो गेले, पाण्याच्या जुन्या नोंदी गेल्या, शाळेच्या सहलीचे व्हिडिओ गेले. जागा संपत आली की ती काहीतरी पुसायची, आकडा वर उडी मारायचा आणि पुन्हा उतरायला लागायचा. पुसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो आता हळू उतरतोय. तिनं दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. तलावातलं पाणी त्या कुजक्या मुळांच्या खाली चाललं होतं. फुंकणी हलकी होत होती.

“मॅडम, कमी होतंय.”

“दिसतंय मला,” मॅडम म्हणाल्या. “तू जागा केलीस म्हणून मी जोडली गेले. आता मी तुझ्या पडद्यावर एक चौकट पाठवतेय.”

चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं: या आवाजाला नाव द्या.

“तू ऐकलास पहिल्यांदा. तूच दे.”

किमयानं लिहिलं, ‘कुजलेल्या मुळातून जाणारं पाणी’. पुढे विचारलं होतं, धोका आहे की नाही. तिनं ‘आहे’वर बोट ठेवलं.

“आता हे नाव राज्यातल्या प्रत्येक कानाकडे जाईल,” मॅडम म्हणाल्या. “ज्यानं ज्यानं असा आवाज साठवलाय, तो आता भोंगा वाजवेल. झाडं तोडायचा तो हुकूम एकट्या तुमच्या बांधाला आलेला नव्हता, किमया. सगळीकडे त्याच वर्षी तोडली होती.”

पडद्यावर नकाशा उघडला. डोंगरांच्या रेषा, ओढ्यांच्या रेषा आणि त्यांच्यावर बारीक ठिपके, एकेक बांध. हिवरदऱ्याचा ठिपका लाल होता. उत्तरेकडे आणखी एक लाल झाला. त्याच्या डावीकडे दुसरा. मग तिसरा.

बाकीचे लाल झाले नाहीत. हिरवेही झाले नाहीत. नकाशाभर ते राखाडी होते.

“हे असे का दिसतायत?” किमयानं विचारलं.

“राखाडी म्हणजे बंद मशीन,” मॅडम म्हणाल्या. “आज नवमी आहे ना.”

किमया नकाशाकडे बघत राहिली. कितीतरी खोल्यांमध्ये कितीतरी कान झेंडूच्या माळा घालून शांत झोपले होते आणि त्यांच्याखाली बांधांच्या पोटात कुणीतरी सावकाश फुंकत होतं. हिवरदऱ्याच्याच ओढ्यावर, वरच्या अंगाला, एक राखाडी ठिपका होता. जांभुळखोरं. तो बांध फुटला तर त्याचं पाणी रिकाम्या होत चाललेल्या या तलावात येणार होतं, आणि मग हा बांध फोडून थेट माळापर्यंत.

“मी वरून यादी घेते,” मॅडम म्हणत होत्या. “एकेकाला फोन लावायचा. तू...”

किमयानं ते पूर्ण ऐकलं नाही. ठिपक्यावर बोट ठेवलं की नंबर येत होता. तिनं भानुदासांचा फोन पुन्हा घेतला आणि तो नंबर लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. मग कुणीतरी उचलला. मागे आरती चालू होती, टाळ्या आणि घंटा.

“काका, जांभुळखोऱ्याचे राखणदार ना? तुमचा कान चालू आहे का?”

“आज कुठला चालू असायला, पोरी? फुलं वाहिलीत त्याला. उद्या फोन कर.”

“काका, फोन ठेवू नका,” किमया म्हणाली. “फुलं बाजूला काढा आणि मशीन चालू करा. मी सांगते तसं करा.”